काजळाची मोजणी

मला सर्वेसाठी कोणी निवडलं नाही, मला ढकललं. शेजारच्या काकीने पाठीवर हात ठेवून असं ढकललं की मी एकदम ताईंच्या समोर. कडेवर पोरगी, हातात तिचं अर्धं खाल्लेलं बिस्कीट, आणि काकी बोलते, "हिला घ्या. आख्ख्या चाळीची लाइटबिलं हीच वाचून देते."

लाइटबिल वाचणं वेगळं. माझी शाळा आठवीत सुटली. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझे हात गार पडतात, अजून पडतात. पण त्या दिवशी गार हात आणि आत कायतरी नाचत होतं, दोन्ही एकदम. मी हो पण बोलले नाही आणि नाही पण बोलले नाही, आणि ताईंनी माझा नंबर लिहून घेतला.

ताई म्हणजे मनवेलपाड्याला एका खोलीत संस्था चालवतात त्या. वसईच्या वाडीतल्या, घरची केळीची बाग, चाळिशीच्या पुढच्या, पायात कायम साधी चप्पल आणि खांद्याला कापडी पिशवी. त्या आमच्याकडे आल्या कारण आमच्या चाळींना अंगणवाडी नव्हती. फुलपाड्याला डोंगराच्या अंगाला आमच्या पाच चाळी आहेत, एकाला एक चिकटून. जवळची अंगणवाडी मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, आणि तिथे गेलं की सांगायचे, तुमचा भाग आमच्यात येत नाही. मग आमचा भाग कोणात येतो? तर कोणातच नाही. ऑफिसातल्या जुन्या कागदावर लिहिलेलं होतं की इथे लहान मुलं थोडीच आहेत, वेगळी अंगणवाडी देण्याइतकी नाहीत.

मला अंगणवाडी पाहिजेच होती. माझी पोरगी तेव्हा दीड वर्षाची, आणि हलकी. कडेवर घेतली तरी कडेवर काही आहे असं वाटायचं नाही. लस द्यायला आलेल्या नर्सबाई बोललेल्या की हिचं दर महिन्याला वजन करा, हिच्यावर लक्ष ठेवा. पण लसीचा दिवस सोडून करणार कुठे? रेशनच्या दुकानातल्या काट्यावर?

ताई बोलल्या, "ऑफिसाकडे कागद आहे. आपल्याकडे नुसतं तोंड आहे. आपण आपला कागद बनवू."

त्यांच्या खोलीत दोन दिवस शिकवणी झाली. आम्ही आठ-दहा बाया, वेगवेगळ्या वस्त्यांतल्या, खुर्च्यांवर. मी खुर्चीच्या टोकावर, म्हणजे उठून पळायला सोपं. ताई डेटा डेटा बोलायच्या, आणि मला वाटायचं डेटा म्हणजे मोबाइलचा, जो आमच्याकडे महिना संपायच्या आधी संपतो. मग त्यांनी समजावलं, आपण दारोदार जाऊन जे विचारतो आणि लिहितो तोच डेटा. त्यांनी दोन गोष्टी पाठ करून घेतल्या. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं, उत्तर त्यांच्या तोंडात घालायचं नाही. आणि ते सांगतील तेच लिहायचं, आपल्याला वाटतं ते नाही. मला एक पॅड मिळालं, वर क्लिप असलेलं, आणि पेनाला दोरी. घरी येऊन मी तीनदा ते पॅड छातीशी धरून बघितलं. आमचे हे वसईला गाळ्यात प्लास्टिकच्या मशीनवर असतात, त्यांनी घरात पाय टाकला आणि हसायलाच लागले. बोलले, तलाठी झालीस काय.

आधी नकाशा काढायचा होता. मी पोरीला घेऊन पाचही चाळी पावलांनी मोजल्या, चाळ, ओटा, नळ, संडास, सगळं चौकोन चौकोन काढत गेले. पाच वर्षं मी तिथे राहत होते, आणि पिठाच्या गिरणीच्या मागे तीन खोल्या आहेत ते मला ठाऊक नव्हतं. गिरणीचा पट्टा फिरत असतो म्हणून तिकडे कोणी जात नाही. मी पट्ट्याला वळसा घालून गेले तर तिथे दोरीवर लंगोट वाळत होते, एक बाई भांडी घासत होती, ती बोलली, कोण पाहिजे? मला इतका आनंद झाला की मी बोलले, तुम्हीच पाहिजे. ती घाबरली बिचारी, तिला वाटलं खोली पाडायला आले.

मग तीन दुपारी मी दारोदार फिरले. पहिल्या दिवशी आवाज फुटत नव्हता, तिसऱ्या दिवशी मी चहाला नाही म्हणायला शिकले, कारण प्रत्येक घरी चहा प्यायला तर सर्वे दिवाळीपर्यंत चालेल. घरात पहिलीत न गेलेली मुलं किती, एवढाच मुख्य प्रश्न. बाया सांगायच्या, मी लिहायचे. एक, एक, दोन, काही नाही, एक. सांगतील तेच लिहायचं. तिसऱ्या दुपारी सगळं उरकलं आणि कागद छातीशी धरून मी मनवेलपाड्याला पळालेच, रिक्षात बसले तेव्हा पण पळतच होते असं वाटत होतं.

ताईंनी बेरीज केली. परत केली. मग बोलल्या, कमी पडतायत. पुष्कळ कमी. जुना कागद बोलतो तसंच आलंय.

माझं डोकं चालेना. आमच्याकडे दुपारी दार उघडायचं तर आधी पोरं बाजूला करावी लागतात. मग मला एक एक घर आठवायला लागलं. मी लिहिताना समोर तीन पोरं भांडत होती आणि ती बाई बोललेली एक. मला ते दिसत होतं, आणि तरी मी एक लिहिलं, कारण मला तसंच शिकवलेलं.

ताई बोट फिरवत खाली आल्या आणि एका ओळीवर थांबल्या. ती माझी खोली होती.

"तुझ्या घरी शून्य?"

माझी पोरगी माझ्या मांडीवर होती. पेनाची दोरी चघळत होती.

मी मान खाली घातली. मला खोटं बोलायचं नव्हतं, खरंच. माझ्या घरच्या ओळीवर आले तेव्हा हातच पुढे गेला नाही. आमच्याकडे मुलं मोजत नाहीत. कोणी विचारलं किती, तर कमीच सांगायचं, नाहीतर बोलायचं देवाची कृपा आहे. फुलपाड्याच्या त्या पाच चाळींत कोकणातले आहेत, घाटावरचे आहेत, यूपीचे आहेत, आणि ह्या एका बाबतीत सगळे सारखे.

आणि माझं तर वेगळंच होतं. ह्या पोरीच्या आधी मला मुलगा झाला होता. तो गुटगुटीत होता. लसीच्या दिवशी त्याला काट्यावर ठेवलं, आकडा मोठ्याने सांगितला, रांगेतल्या बाया बोलल्या काय छान वजन आहे, आणि मी पण मिरवले, मी तो आकडा घरी येऊन पाचही चाळीत सांगितला. पुढच्या महिन्यात त्याला ताप आला आणि तो गेला. डॉक्टर बोलले तापाने गेला. ते मला कळतं. पण सासूबाई त्या दिवसापासून घरात कुठलाच आकडा काढू देत नाहीत, आणि मला पण काढायचा नसतो. हे मी ताईंना सांगितलं, म्हणजे सांगितलं नाही, अर्धं रडले.

मला वाटलं त्या आता बोलतील, हे सगळं अडाणीपणाचं आहे. त्या नाही बोलल्या. त्या बोलल्या की आमच्या वाडीत अजून कोवळ्या दुधीला बोट दाखवत नाहीत, दुधी सडते म्हणतात, माझी कॉलेजला जाणारी मुलगी पण दाखवत नाही. मग त्यांनी कागदाची घडी केली आणि बोलल्या, चूक तुझी नाही, प्रश्नाची आहे. किती विचारलं की तोंड बंद होतं. दुसरं काय विचारायचं ते तू शोध, तुमची माणसं तुला माहीत.

मी शोध? मी घाबरत घाबरत घरी आले. दोन दिवस भात करपला, कारण डोक्यात तेच. किती नाही विचारायचं आणि किती ते कळायला पण पाहिजे.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोरीला आंघोळ घातली, पावडर लावली, काजळाची डबी उघडली, करंगळीने गालावर तीट लावली. आणि माझी करंगळी तशीच वर राहिली. तीट तर सगळ्याच लावतात. यूपीवाल्या भाभी कपाळाच्या कडेला लावतात, गिरणीमागची तळपायाला लावते, पण लावतात सगळ्याच. तीट लावायला कुठली आई नाही म्हणते?

सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी नकाशा घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "आई, माणसाला तीट लावतात तशी कागदाला लावली तर चालते का? घराच्या चौकोनात. प्रत्येक पोराची एक."

त्यांनी नकाशाकडे बघितलं. मग बोलल्या, "आकडा कोण काढणार?"

मी बोलले, कोणीच नाही. नुसती तीट.

"मग चालते. उलट बरं. कागद ऑफिसात जाणार, तिथे नाही नाही त्या लोकांची नजर पडणार, तीट लावूनच गेलेला बरा." आणि सुपातले तांदूळ बाजूला ठेवून त्या उठल्याच. माझ्या सासूबाई उठल्या म्हणजे पाच चाळी उठल्या. त्या कोणाच्या बाळंतपणाला गेल्या नाहीत असं घर नाही तिथे.

त्याच दुपारी चार वाजता गिरणीसमोरच्या कट्ट्यावर नकाशा पसरला. ताईंना फोन केला, त्या रिक्षा करून आल्या. बाया आधी लांब उभ्या. सासूबाईंनी सांगितलं, ज्याची त्याची खोली बघा आणि आपापल्या पोरांची तीट लावा, पहिलीत गेलेली नाही धरायची, आणि तोंडाने काही बोलायचं नाही. पहिली काकी आली. तिने तिच्या नातवंडांच्या करंगळी दाबून दाबून तिटा लावल्या. मागून कोणी बोललं, अगं एवढी कुठे आहेत तुझ्याकडे, आम्हाला तर दोनच दिसतात. काकी बोलली, बाकीची तुझ्याकडे जेवायला असतात म्हणून दिसत नाहीत.

मग जे सुरू झालं ते मला लिहिता येत नाही नीट. बाया एकमेकीला ढकलत होत्या, माझी खोली कुठली, ही का, नळाजवळची, अगं उलटा धरलाय नकाशा. एकीने एक तीट जास्त लावली, विचारलं तर बोलली नवऱ्याची, तो पण खिचडीशिवाय जेवत नाही. सासूबाईंनी ती पदराने पुसायला लावली. एक बाळंतीण नऊ दिवसांची, बाहेर यायची नव्हती, तर तिच्या दारात नकाशा नेला आणि तिने आतून हात काढून तीट लावली. काजळ पसरायला लागलं तर सासूबाईंनी वरून पावडर फुंकली. आणि चौकोन भरत चालले, काळे काळे ठिपके, एकात दोन, एकात तीन, गिरणीच्या मागे पाच. मी बघत होते. आम्ही एवढे आहोत. कोणी एक शब्द बोललं नव्हतं आणि सगळं समोर दिसत होतं.

ताईंनी लगेच फोटो काढला, आणि मग आम्ही दोघी एकेका तिटेशेजारी जन्माचा महिना आणि साल लिहीत गेलो. वाढदिवस विचारला की आया खुशीत सांगतात, त्याला कोणाची हरकत नसते. ठिपके ताईंनी मनातच मोजले. ओठ पण हलवले नाहीत. मग माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, आणि मला कळलं की पुरतात, भरपूर पुरतात.

माझा चौकोन मात्र कोरा होता. डबी माझ्याच हातात होती. काकी बोललीच, "सगळ्यांची लावून घेतली आणि स्वतःची कोरी." मी बोलले नंतर लावते. सासूबाईंनी ऐकलं आणि दुसरीकडे बघितलं.

नंतर नंतर करत मी लावलीच नाही.

ताईंनी ऑफिसात कळवलं, आणि पंधरा दिवसांनी त्यांच्याबरोबर अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या बाई आल्या, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. चष्मा, कडक इस्त्रीची साडी, सोबत लटकता वजनकाटा आणि मोठी वही. त्या बोलल्या की असा नकाशा मी कधी बघितला नाही, पण मी दारोदार जाऊन पडताळणार. बरोबर आहे त्यांचं. मी त्यांच्या पुढे पुढे, पोरगी कडेवर, प्रत्येक दारात ठिपके आणि पोरं जुळत होती. एकदा जुळलं, दोनदा जुळलं, दहाव्या दारापर्यंत मला उडावंसं वाटत होतं. मागे सगळी वरात, बाया, पोरं, काकी सगळ्यात पुढे.

मग आमची खोली आली. मोठ्या बाईंनी नकाशा बघितला, मग माझ्या कडेवर बघितलं.

"ही कोणाची?"

"माझी."

"इथे तर काहीच नाही." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मोजणारीचंच घर चुकलंय. मग बाकीच्यावर मी कसा विश्वास ठेवू?"

मला कोणाकडे बघायची हिंमत नव्हती. माझ्या एका कोऱ्या चौकोनापायी सगळ्यांच्या तिटा पाण्यात जाणार होत्या, त्या नऊ दिवसांच्या बाळंतिणीची पण. माझे हात गार पडले, आणि मी बोलले. कसं बोलले माहीत नाही, एका श्वासात बोलले.

"चुकलं नाही. मी लावली नाही. आधीचा एक गेला म्हणून घाबरले. बाकी कोणी खोटं केलेलं नाही, खोटं फक्त माझं आहे."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी डबी आणायला आत वळले तर सासूबाई आधीच डबी घेऊन दारात उभ्या. त्यांनी माझ्या हातात दिली नाही. स्वतःच्या करंगळीने आमच्या चौकोनात तीट लावली आणि बाईंना बोलल्या, "आता बघा पडताळून. वजन पण करा. नर्सबाई सांगून गेल्यात."

काटा आमच्याच दाराच्या चौकटीला अडकवला. झोळीत पोरीला मी ठेवू शकले नसते, सासूबाईंनी ठेवली. ती हसायला लागली, तिला वाटलं पाळणा. काटा हलत होता. मोठ्या बाईंनी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडातून आलं, "बोलू नका. लिहा."

मला वाटलं आता रागावतील. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी काटा थोडा माझ्याकडे फिरवला, असा की फक्त आम्हा दोघींना दिसेल, आणि बोट न दाखवता थांबल्या. मी आकडा वाचला. माझा मीच वाचला. कमी होता, मला वाटत होतं त्याहून कमी नव्हता. बाईंनी वहीत लिहिला, मग हळू आवाजात बोलल्या की हिला रोजच्या खाण्यात काय वाढवायचं ते मी सांगते, घाबरू नको, भरून निघेल. आणि नकाशा घडी घालून स्वतःच्या पिशवीत ठेवला. ताईंच्या नाही, स्वतःच्या. मागे काकी बोलली, बघा, कागद चालला ऑफिसात.

लगेच काही झालं नाही. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, ताई फेऱ्या मारत राहिल्या, दोनदा मी पण गेले, दुसऱ्या वेळी तर मीच बोलले. मग चौथ्या चाळीत एक खोली भाड्याने घेतली, भिंतीवर पोपट आणि पेरू काढले, आणि अंगणवाडी सुरू झाली. पहिल्या दिवशी इतकी पोरं आली की सेविकाताई दारातच बसल्या. आता कोपऱ्यात काटा लटकलेला असतो, दर महिन्याला वजन होतं, आणि आमच्याकडची पद्धत अशी पडलीय की सेविकाताई आकडा बोलत नाहीत, वही फिरवतात आणि आई वाचते. ज्यांना वाचता येत नाही त्या मला बोलावतात, मी कानात सांगते. पावसाआधी आम्ही गटारांचा नकाशा काढतोय, त्याला काजळ लागत नाही, तिथे सगळ्या ओरडून सांगतात.

परवा वजनाचा दिवस होता. सेविकाताईंनी वही फिरवली, मी मागच्या महिन्याचा आकडा बघितला, ह्या महिन्याचा बघितला, परत मागचा बघितला. आणि पोरीला घेऊन घरी पळत सुटले, चप्पल अंगणवाडीतच राहिली. जेवायच्या सुट्टीत ह्यांचा गाळ्यातून फोन आला. मशीनचा आवाज येत होता मागे. मी बोलले, वाढलं.

हे ओरडून बोलले, "किती?"

मी वळून बघितलं. सासूबाई चुलीपाशी होत्या, भाकरी थापत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"सांग की," त्या बोलल्या. "बाप आहे तो."

मी फोन तोंडाजवळ धरला आणि सांगितला. मोठ्याने, मशीनच्या वर ऐकू जाईल असा. त्यांना सांगितला. इथे नाही लिहीत.